घालवला तरी परत येणारा कुबट वास: आधी ओल शोधा, मग सोड्याची वाटी ठेवा

कपाटात खाण्याच्या सोड्याची वाटी ठेवली की चार दिवस बरं वाटतं. पाचव्या दिवशी दार उघडावं तर तोच वास. ओल्या पायपुसण्याचा, जुन्या पोत्याचा, वर्षभर बंद असलेल्या माळ्याचा. मग वाटी बदलायची, लिंबाची सालं ठेवायची, कापूर ठेवायचा आणि पुन्हा चार दिवस मोजायचे.

मी हा खेळ दीड वर्ष खेळले. माझं कपडे ठेवायचं कपाट बाथरूमच्या भिंतीला अगदी चिकटून होतं. एक दिवस आतला चामड्याचा पट्टा काढला तर बकलाजवळ पीठ भुरभुरल्यासारखा राखाडी थर दिसला. बोट फिरवलं तर स्वच्छ रेघ उमटली आणि बोटाला नेमका तोच वास आला. तेव्हा कुठे कपाट पुढे ओढायचं सुचलं. मागचं प्लायवूड खालून वीतभर फुगलं होतं, त्याचे पापुद्रे सुटले होते आणि भिंतीवर मिरपूड उडवल्यासारखे काळे ठिपके पसरले होते. वाटीतला सोडा बिचारा दीड वर्ष या सगळ्याकडे पाठ करून बसला होता.

म्हणून उपायांची यादी नंतर देते. आधी शोधाशोध.

हा वास असतो कशाचा

बुरशी आणि काही जिवाणू लाकूड, कागद, चामडं, सुती कापड, अगदी कोपऱ्यातली धूळसुद्धा पचवतात आणि ते करताना वायुरूप पदार्थ सोडतात. त्यातला एक म्हणजे जिओस्मिन. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो त्यात याचा मोठा वाटा असतो. अंगणात तो हवाहवासा वाटतो, उशीच्या अभ्र्यात नाही. दुसरा पदार्थ ऑक्टेनॉल, त्याचा वास अळंबीसारखा. माणसाचं नाक जिओस्मिनच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे. हवेच्या एक लाख कोटी भागांत तो पाच-दहा भाग असला तरी आपल्याला जाणवतो. त्यामुळे कपाटामागचा तळहाताएवढा डागही अख्ख्या खोलीला पुरतो, आणि वर कितीही सुगंध फवारला तरी तो खालून डोकं वर काढतो.

बुरशीला जगायला खाणं लागतं आणि पाणी लागतं. खाणं घरभर पसरलेलं आहे, ते काही आपण काढून टाकू शकत नाही. आपल्या हातात फक्त पाणी. पृष्ठभागाजवळची सापेक्ष आर्द्रता (हवेत जास्तीत जास्त मावेल त्या वाफेच्या किती टक्के वाफ आहे ते) बरेच दिवस 70 ते 80 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. खोलीत ती 60 टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर बरं, 30 ते 50 असेल तर उत्तम. आणि एखादी वस्तू भिजलीच तर ती 24 ते 48 तासांत कोरडी झाली पाहिजे.

नाकावर किती विसंबायचं

घरातल्या माणसाला घरातला वास येत नाही. नाक थोड्याच वेळात सरावतं. म्हणून अर्धा-पाऊण तास बाहेर फिरून या, आत शिरल्या शिरल्या थांबा आणि पहिल्या दोन-तीन श्वासांत काय जाणवतं ते लक्षात ठेवा. पाचव्या श्वासाचा काही उपयोग नाही.

खोली सापडली पण वस्तू सापडत नसेल तर संशयित वस्तू वेगवेगळ्या स्वच्छ प्लास्टिक पिशव्यांत बंद करा. एकीत उशी, एकीत पडद्याचं टोक, एकीत बूट. तासभर जरा उबदार जागी ठेवा आणि एकेक पिशवी उघडून हुंगा. ऊब मिळाली की वास सुटतो. दिसायला वेडेपणा वाटेल, पण मला तरी याहून सोपी युक्ती सापडलेली नाही.

वास नेमका कुठल्या जातीचा आहे हेही पाहा. मातकट किंवा अळंबीसारखा असेल तर बुरशी. ओल्या, नीट न वाळलेल्या कपड्यासारखा आंबूस असेल तर बहुधा कापडातले जिवाणू. सडक्या अंड्यासारखा असेल तर मोरीची पाइप. आणि घरात मासळी नसताना मासळीसारखा वास बटणाच्या किंवा प्लगच्या आसपास येत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तापलेलं प्लास्टिक आणि वायरचं आवरण असा वास सोडतं. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

भिंतीची परीक्षा

भिंत ओली आहे हे हाताला कळतं, पण पाणी आतून येतंय की खोलीतल्या हवेचंच भिंतीवर साचतंय हे हात सांगू शकत नाही. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून ही परीक्षा टाळू नका.

हात-सव्वाहात लांबीरुंदीचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन घ्या. भिंत वरवर कोरडी पुसून त्यावर तो चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा, कुठूनही हवा जाता कामा नये. एक-दोन दिवस तसाच राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून झिरपतंय. थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर भिंतीला घाम फुटतोय.

माझ्याकडे थेंब आत होते. पलीकडे शॉवर. टाइल्सच्या सांध्यांमधला ग्राउट दोन ओळींत निघून गेला होता, आणि रोजच्या आंघोळीचं पाणी तिथून हळूहळू भिंतीत मुरत होतं. कारागिराचं काम जेमतेम अर्ध्या दिवसाचं. सांधे खरवडले, पुन्हा भरले, दोन दिवस ती बाथरूम बंद. वेळ लागला तो भिंत वाळायला. ओली भिंत इंचभर जाडीला साधारण महिनाभर घेते असा बांधकामातला जुना ठोकताळा आहे. तेवढा धीर नसल्याने लोक वरून रंग मारतात. आतलं पाणी मग रंगाला फुगे आणतं, पोपडे पाडतं आणि सोबत पांढरा लोणा बाहेर काढतं.

पाइप गळतोय अशी शंका असेल आणि घराला पाण्याचं मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा. सकाळी कोणी पाणी वापरायच्या आत पुन्हा पाहा. आकडा हलला असेल तर शोध भिंतीत नाही, पाइपात घ्यायचा. फ्लशची टाकी गळत असली तरी आकडा हलतो, तेवढं आधी तपासा.

घाम फुटण्याचं गणितही सोपं आहे. 30 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशांच्या हवेत जेमतेम 17 ग्रॅम. दिवसभराची वाफाळ हवा रात्री गार भिंतीला टेकली की जास्तीचं पाणी तिथेच सोडते. चार माणसांच्या घरात श्वास, घाम, स्वयंपाक आणि आंघोळ मिळून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत जातं. घरात कपडे वाळत घातले तर त्यात आणखी भर. ही वाफ गार कोपरे शोधते, म्हणजे नेमकी कपाटामागची, पलंगाखालची, पडद्याआडची जागा, जिथे वारा फिरत नाही. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे असावं. आत कपडे कोंबलेले नसावेत. स्वयंपाक करताना आणि आंघोळीनंतर वीसेक मिनिटं एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा.

खिडक्या उघडा, हा सल्ला सगळेच देतात आणि तो नेहमी बरोबर नसतो. बाहेरची हवा उबदार आणि दमट असेल, आतल्या भिंती गार असतील, तर खिडकी उघडून तुम्ही भिंतीला पाणीच पाजता. बाहेर घरापेक्षा गार किंवा कोरडं असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडा, दहा-पंधरा मिनिटं वारा आरपार जाऊ द्या आणि पुन्हा बंद करा.

मिठाची वाटी

मीठ ओल शोषतं म्हणून कपाटात मिठाची वाटी ठेवा, हा उपाय बराच फिरतो. उपाय म्हणून तो फोल आहे. शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं ते आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेल्यावर. म्हणजे मीठ कामाला लागेपर्यंत बुरशी पंगतीला बसलेली असते.

पण साक्षीदार म्हणून मीठ पक्कं आहे. चमचाभर कोरडं, मोकळं मीठ बशीत पसरून संशयाच्या जागी ठेवा. दोन-तीन दिवसांत सादळून गोळा झालं किंवा पाणी सुटलं, तर तिथली हवा बुरशीला पोसण्याइतकी दमट आहे. मोकळंच राहिलं तर दुसरीकडे शोधा. मिठात इतर क्षार असतील तर ते थोडं आधीच सादळतं, एवढी सूट धरा. मी एकाच वेळी पाच बशा ठेवल्या होत्या, कपाटात, पलंगाखाली, माळ्यावर, पुस्तकांच्या मागे आणि सिंकखाली. तिसऱ्या दिवशी कपाटातल्या बशीत मिठाऐवजी खारं पाणी होतं, पलंगाखालचं मीठ जरासं ओलसर आणि बाकीचं जसंच्या तसं.

आर्द्रतामापक असेल तर याच मिठाने त्याची परीक्षा घेता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा आणि मापकासोबत घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा तास ठेवा. आत 75 टक्के आर्द्रता तयार होते. मापक 70 दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात पाच मिळवून वाचायचं.

कपडे आणि धुलाई यंत्र

धुतलेले कपडे कोरडे असताना बरे वाटतात आणि घाम येताच आंबूस वास मारतात, ही तक्रार साबणाची नसते. 2012 मध्ये जपानी संशोधकांनी या वासामागचा मुख्य जिवाणू ओळखला, त्याचं नाव मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. तो कोमट पाण्याच्या धुलाईतून तगतो, सावकाश वाळणाऱ्या कापडात वाढतो आणि आम्लाच्या जातीचा वासाळ पदार्थ सोडतो. असे कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुवा. ज्यांना तेवढं गरम सोसत नाही ते एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाण्यात अर्धा तास बादलीत भिजवून मग नेहमीसारखे धुवा. त्यानंतर लगेच, दूर-दूर, पंख्याखाली किंवा उन्हात वाळवा. इस्त्रीने वाळवू म्हणून ओलसर घड्या घालून ठेवलेले कपडे मी स्वतः कपाटात ढकलत असे, हेही कबूल करते.

यंत्राला वास येत असेल तर दाराभोवतीचं रबर बोटाने उलटून पाहा. तिथे काळपट बुळबुळीत थर, केस, सुट्या पैशांचं एखादं नाणं असं बरंच निघतं. पुसून काढा, साबणाचा कप्पा बाहेर ओढून घासा, महिन्यातून एकदा रिकामं यंत्र सर्वांत गरम पाण्यावर चालवा आणि एरवी दार किलकिलं ठेवा (घरात लहान मूल असेल तर ते आत शिरणार नाही एवढी काळजी घेऊन). प्रत्येक धुलाईला व्हिनेगर ओतू नका, सततच्या आम्लाने रबर खराब होतं.

वास एसी लावल्यावरच येत असेल तर आतल्या गार कॉइलवर आणि पाणी साचणाऱ्या ट्रेमध्ये बहुधा बुरशी धरली आहे. जाळी धुवा, ट्रेचा निचरा तुंबलेला नाही ना ते पाहा, आणि बंद करण्याआधी अर्धा तास नुसता पंखा चालवा म्हणजे कॉइल वाळेल.

मोरीच्या जाळीतून वास येतोय आणि ती मोरी क्वचित वापरली जाते? जाळीखालच्या खोलगट भांड्यात, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये, पाणी साचून राहतं आणि तेच गटाराच्या हवेला अडवतं. वापर नसला की ते उडून जातं. तांब्याभर पाणी ओता. लांब गावाला जाणार असाल तर वर दोन चमचे तेल टाका, पाणी लवकर उडत नाही.

आता नैसर्गिक उपाय

ओलीचा बंदोबस्त झाल्यावर उरलेला वास काढायला हे खरंच उपयोगी आहेत, फक्त कोण काय करतो हे माहीत हवं.

सोडा सौम्य अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाचा आहे. तो आम्लाच्या वासांना मारतो, म्हणजे बुटातला घाम, नासलेलं दूध, गादीवर सांडलेलं काहीबाही. जिओस्मिन आणि ऑक्टेनॉल हे दोघे आम्ल नव्हेत, ते अल्कोहोलच्या कुळातले. त्यांच्यापुढे सोडा जवळजवळ हतबल आहे. दीड वर्ष माझी वाटी का हरली ते मला हे वाचल्यावर समजलं. गादी किंवा गालिचावर मात्र सोडा चाळणीने पसरून, रात्रभर ठेवून झाडून काढला तर फरक पडतो, कारण तिथे तो वासाच्या जागेला प्रत्यक्ष टेकतो. वाटीत त्याचा फक्त वरचा थर हवेला लागतो.

व्हिनेगर आम्ल आहे आणि आम्लात जिओस्मिनचा रेणू बदलून बिनवासाचा होतो. म्हणून मातकट वासाच्या कपाटाला आतून व्हिनेगरने पुसणं हे वाटी ठेवण्यापेक्षा कितीतरी चांगलं. आधी साबणाच्या पाण्याने बुरशी पुसून काढा. कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू घरभर उडतात. मास्क आणि हातमोजे घाला, फडकं नंतर फेकून द्या. मग न पातळ केलेलं व्हिनेगर लावून तासभर ठेवा, पुसा आणि पंखा लावून पूर्ण वाळवा. काही बुरशी याने मरतात, सगळ्या नाही. मेलेली बुरशीही वास आणि शिंका देतेच, त्यामुळे ती पुसून काढणं हेच मुख्य काम. संगमरवर आणि चुनखडीच्या फरशीवर व्हिनेगर नको, चकाकी जाते.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की जो फेस येतो त्याने डोळ्यांचं समाधान होतं, पण दोघेही एकमेकांना संपवतात आणि उरतं ते खारट पाणी. व्हिनेगर ब्लीचमध्ये मात्र कधीही, थेंबभरही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो.

कोळशात ॲक्टिवेटेड, म्हणजे खास प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला कोळसाच घ्या. त्याच्या एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो आणि कुबट वास तो खरोखर धरून ठेवतो. बंद पेटी, बुटांचा कप्पा, पुस्तकांचा डबा अशा लहान जागेत त्याला तोड नाही. पुस्तकांसाठी मी हेच करते, मोठ्या झाकणाच्या डब्यात पुस्तकं उभी, पानं जरा उघडी, खाली कोळशाची पुरचुंडी आणि दोन आठवडे तिकडे बघायचं नाही. पुरचुंडी उन्हात ठेवली की ती नव्यासारखी होते असं म्हणतात. त्यातलं पाणी उडतं एवढंच खरं, धरलेले वास सोडवायला शेकडो अंशांचं तापमान लागतं. काही महिन्यांनी बदलाच.

कापूर, लिंबाची सालं, वासाची तेलं ही सगळी झाकपाक. सालं ओली ठेवली तर त्यांनाच बुरशी येते, कॉफीच्या चोथ्याचंही तेच. कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर घातक ठरतो आणि टी ट्री तेल मांजरांना विषारी आहे. हवा शुद्ध व्हावी म्हणून कुंड्या आणणार असाल तर झाडं आवडतात म्हणून आणा. 2019 च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला होता की खिडकीतून होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायला चौरस मीटरमागे दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. आणि रोज भिजणारी कुंडीची माती हे कुबट वासाचं स्वतंत्र उगमस्थान असतं.

जिथे हात घालू नये

डाग साधारण एक चौरस मीटरपेक्षा मोठा असेल, पाणी सांडपाण्याचं असेल, किंवा घरात कुणाला दमा असेल, तर स्वतः खरवडायला जाऊ नका, जाणकाराला बोलवा. फुगलेलं प्लायवूड, भिजलेला जिप्सम बोर्ड, आतपर्यंत काळा पडलेला फोम हे कुठल्याही उपायाने सुधारत नाहीत. माझ्या कपाटाची मागची फळी मी महिनाभर उन्हात वाळवून पाहिली, व्हिनेगर लावून पाहिलं. पिशवीत बंद करून हुंगली की वास तसाच. शेवटी फळी बदलली आणि पट्टाही टाकून दिला.

सोड्याची वाटी आता स्वयंपाकघरात गेली आहे. कपाटात खालच्या कप्प्यात मिठाची बशी असते. गेल्या महिन्यात सलग पावसाचे नऊ दिवस झाले तेव्हा तिच्या कडेचं मीठ जरासं गोळा झालं होतं. दोन्ही दारं उघडी टाकली आणि टेबलपंखा तासभर आत तोंड करून लावला, तर संध्याकाळपर्यंत मीठ बोटाने मोकळं होत होतं.